ग्राफिक्स ड्रायव्हर आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहे; शेवटी लिनक्सबद्दलही थोडं आहे. दादर-गिरगावातली डीटीपीची दुकानं, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, आर्किटेक्टची छोटी ऑफिसं आणि घरचा पीसी, सगळीकडे फिरून फिरून हेच प्रश्न येतात. एक गोष्ट आधी लक्षात घ्या. स्क्रीनवर चित्र दिसतंय म्हणजे ग्राफिक्स कार्ड काम करतंय, असं नसतं. ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुवा असलेलं सॉफ्टवेअर, नसला तरी विंडोज चित्र दाखवतं, फक्त सगळं ओझं प्रोसेसरवर टाकतं. म्हणून ड्रायव्हर काढण्या-घालण्याआधी काम नक्की कोण करतंय ते तपासा.

हार्डवेअर ॲक्सिलरेशन म्हणजे नेमकं काय?

साध्या फुल एचडी स्क्रीनवर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. सेकंदाला ६० चित्रं म्हटली की जवळपास ५० कोटी बाइट झाले. फोर-के स्क्रीनला याच्या चौपट. एवढे ठिपके एकामागून एक रंगवत बसणं प्रोसेसरला परवडत नाही. ग्राफिक्स चिपमध्ये शेकडो-हजारो छोटी गणनायंत्रं एकाच वेळी हेच काम करतात. खिडक्या एकमेकींवर रचणं, फॉन्टच्या कडा गुळगुळीत करणं, व्हिडिओ उलगडणं, थ्रीडी मॉडेल फिरवणं ही कामं प्रोसेसरकडून चिपकडे जाणं म्हणजे हार्डवेअर ॲक्सिलरेशन.

मधला दुवा ड्रायव्हरचा. सॉफ्टवेअर डायरेक्टएक्स, ओपनजीएल किंवा व्हल्कनच्या भाषेत मागणी करतं आणि ड्रायव्हर ती त्या विशिष्ट चिपला समजेल अशा हुकमांत बदलतो. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ड्रायव्हरचे दोन भाग असतात: मोठा भाग त्या त्या सॉफ्टवेअरच्या आत चालतो, छोटा भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात. म्हणूनच आज पहिला भाग कोसळला तर बहुधा एखादंच सॉफ्टवेअर बंद पडतं. दुसरा कोसळला तर निळी स्क्रीन येते. नेमकं काय बंद पडलं, यावरून दोष कुठल्या थरात आहे याचा निम्मा अंदाज इथेच येतो.

माझ्या मशीनवर ॲक्सिलरेशन चालू आहे का, हे कसं कळेल?

आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले ॲडॉप्टर्स बघा. तिथे चिपचं खरं नाव (इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया) दिसलं पाहिजे आणि त्यावर पिवळं चिन्ह नसावं.

मग टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिप) आहे का ते पाहा. विंडोज १० किंवा ११ पूर्ण अपडेट असूनही ती ओळच नसेल, तर ड्रायव्हर फार जुना आहे किंवा नाहीच. ओळ असेल तर यूट्यूबवर एखादा व्हिडिओ लावा आणि 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख बघा (काही एएमडी चिपवर त्याचं नाव 'व्हिडिओ कोडेक' असतं). आलेख शून्यावरच राहिला आणि प्रोसेसर मात्र चढला, तर व्हिडिओ प्रोसेसर उलगडतोय.

तिसरी तपासणी क्रोमची. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि जीपीयू असं इंग्रजीत टाइप करा. यादीत 'हार्डवेअर ॲक्सिलरेटेड'च्या जागी 'सॉफ्टवेअर ओन्ली' दिसलं तर उत्तर मिळालं. इथे एक बारकावा आहे: क्रोमची ग्राफिक्सची प्रक्रिया लागोपाठ काही वेळा कोसळली की क्रोम स्वतःच ॲक्सिलरेशन सोडून देतं. म्हणून ब्राउझर पूर्ण बंद करून, पुन्हा उघडून मगच निष्कर्ष काढा.

'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' लिहिलेलं दिसतं. हे काय आहे?

हा विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर. नवीन विंडोज टाकल्यावर खरा ड्रायव्हर मिळाला नाही की हा येतो. ओळखण्याच्या खुणा अशा: ब्राइटनेसची पट्टी गायब, दुसरा मॉनिटर लागत नाही, रिझोल्यूशन बदलता येत नाही, स्लीपचा पर्याय नाहीसा आणि खिडकी ओढली की मागे शेपूट राहिल्यासारखी घासत येते. अनेकदा मशीन 'म्हातारं झालं' म्हणून रॅम वाढवली जाते, आणि खरा इलाज वीस मिनिटांत ड्रायव्हर टाकण्याचा असतो. आधी इंटरनेट जोडून विंडोज अपडेट एकदा पूर्ण चालवा. बहुतेक मशीनवर तेवढ्यानेच काम भागतं.

नवीन कार्ड बसवलं, तरी गेम आणि एडिटिंग पूर्वीसारखंच चालतंय.

मॉनिटरची केबल बघा. ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या वरच्या उभ्या भागात, लागलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ती काढून खाली आडव्या पट्टीवर असलेल्या कार्डाच्या पोर्टमध्ये लावा.

केबल बरोबर असेल तर पॉवर तपासा. कार्ड ज्यात बसतं त्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या जोडणीतून ७५ आणि ८ पिनच्या जोडणीतून १५०. एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला) ८ पिनची वायर नाही म्हणून साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, वायरला अडॅप्टर लावून देणारे भेटतात. ते करू नका. साटाची जोडणी ५४ वॅटसाठी आहे. तिच्यावर १५० वॅटचा भार टाकला तर प्लास्टिक वितळतं.

ड्रायव्हर घ्यायचा कुठून?

डेस्कटॉप असेल तर थेट चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून, मॉडेल नंबर टाकून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअरं टाळा. ती चुकीच्या पिढीचा ड्रायव्हर बेधडक टाकतात आणि सोबत नको ते चिकटवतात.

इंटेलचा ड्रायव्हर टाकताना 'या कॉम्प्युटरसाठी हा ड्रायव्हर प्रमाणित नाही' अशा अर्थाचा संदेश आला, तर लॅपटॉपच्या कंपनीने स्वतःचा बदललेला ड्रायव्हर दिलेला असतो. ब्राइटनेसची बटणं, झाकण मिटल्यावर स्क्रीन बंद होणं अशा गोष्टी त्यात जुळवलेल्या असतात. शक्यतो तोच वापरा.

चांगला चाललेला ड्रायव्हर विंडोज अपडेटने बदलला आणि त्रास सुरू झाला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण फिकं असेल तर जुनी प्रत शिल्लक नाही; मग पुढचा प्रश्न वाचा.

जुना ड्रायव्हर मुळापासून कसा काढायचा?

यासाठी डीडीयू म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन वापरतात. क्रम चुकवू नका.

१. नवीन ड्रायव्हर आणि डीडीयू दोन्ही आधीच डाउनलोड करून डेस्कटॉपवर ठेवा.
२. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की मोबाइलवर किंवा कागदावर घ्या. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज कमीत कमी ड्रायव्हरवर चालू होतं त्या अवस्थेत, जाताना ती विचारली जाऊ शकते आणि नसेल तर मशीनच उघडत नाही.
३. इंटरनेट तोडा. वायर काढा किंवा वायफाय बंद करा. नाहीतर मधल्या वेळेत विंडोज स्वतःच कुठलातरी ड्रायव्हर टाकून मोकळं होतं आणि सगळी मेहनत वाया जाते.
४. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबा.
५. डीडीयूमध्ये जीपीयू आणि कंपनी निवडून 'क्लीन अँड रीस्टार्ट'.
६. नवीन ड्रायव्हर टाका, पुन्हा रीस्टार्ट करा, मग इंटरनेट जोडा.

दर महिन्याला हे करण्याची गरज नाही. एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं लावताना, किंवा ड्रायव्हर अर्ध्यात अडकून बिघडला असेल तेव्हाच करा.

काम करता करता स्क्रीन काळी होते, दोन-तीन सेकंदांनी परत येते.

विंडोज ग्राफिक्स चिपवर लक्ष ठेवून असतं. दिलेलं काम २ सेकंदांत पुढे सरकलं नाही, तर चिप अडकली असं समजून ड्रायव्हर पुन्हा सुरू केला जातो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि तिथे ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. ६० सेकंदांत असं ५ पेक्षा जास्त वेळा झालं तर विंडोज माघार घेतं आणि निळी स्क्रीन येते. तिच्यावर बहुधा 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं लिहिलेलं असतं.

हे २ सेकंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) वाढवायचे सल्ले सगळीकडे मिळतात. लांबलचक रेंडरिंग किंवा गणनेचं काम खरोखर एका हुकमात जास्त वेळ घेत असेल, तेव्हाच त्याचा उपयोग. साध्या वापरात असं होत असेल तर वेळ वाढवून फक्त गोठलेली स्क्रीन जास्त वेळ बघावी लागते. कारण दुसरीकडे शोधा: तापमान, ओव्हरक्लॉक (चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं), अपुरी किंवा थकलेली एसएमपीएस, नुकताच बदललेला ड्रायव्हर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दिवसभर वापरून बघा. सगळं एकदम बदललं तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

स्क्रीन काळीच राहिली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि उघडी कामं बहुधा वाचतात. मशीनचं बटण दाबून बंद करण्याआधी हे नक्की करून बघा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड ४३' येतो.

याचा अर्थ ड्रायव्हरनेच विंडोजला कळवलंय की उपकरण नीट चालत नाही. ड्रायव्हर स्वच्छ करून पुन्हा टाकला आणि तरी कोड तसाच राहिला, तर हार्डवेअरकडे वळा.

मुंबईत इथे हवामान आडवं येतं. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते आणि वर्सोवा, वरळी, उत्तनसारख्या किनाऱ्याजवळच्या घरांत हवेत खारेपणाही असतो. स्लॉट आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ व ओल मिळून थर बसतो आणि जोडणी कच्ची होते. मशीन बंद करा, मुख्य स्विच काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. स्लॉटची खिट्टी दाबून कार्ड सरळ वर काढा. पट्ट्यांवरून मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, चुरा झटका आणि ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसा. पूर्ण वाळू द्या. कार्ड परत बसवताना खिट्टीचा 'टक' आवाज आला पाहिजे.

एवढं करूनही कोड ४३ गेला नाही तर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही तोच कोड आला तर चिप किंवा तिची मेमरी गेली आहे. कार्ड हीट गनने 'बेक' करून जिवंत करण्याचे प्रकार चालतात; ते काही दिवस टिकतं आणि पुन्हा जातं. त्यावर पैसे घालू नका.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून जुनं कार्ड घ्यायचंय. फसवणूक कशी ओळखायची?

जुन्या, स्वस्त कार्डाचा बायोस (त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला नव्या कार्डाचं नाव देतात. जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकलेलं कार्ड आतून जीटीएस ४५० निघालं, असे प्रकार सर्रास झाले आहेत. नाव बदललं तरी चिप बदलत नाही, त्यामुळे एनव्हिडियाचा मूळ ड्रायव्हर टाकला की कार्ड अडतं किंवा कोड ४३ देतं. विकणारा 'सीडीतलाच ड्रायव्हर टाका, अपडेट करू नका' म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

दुकानातच मशीनला लावून जीपीयू-झेड चालवून बघा. बनावट कार्ड ओळखलं तर ते नावाच्या आधी 'फेक' लिहून दाखवतं. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ शेडर (चिपमधली छोटी गणनायंत्रं), मेमरीकडे जाणारी १२८ बिटची वाट (बस) आणि ४ जीबी जीडीडीआर५ मेमरी असते; १९२ शेडर दिसले तर ते दुसरंच काहीतरी आहे. आणखी एक खूण नुसत्या डोळ्यांनी दिसते: एनव्हिडियाने १० सिरीजपासून ॲनालॉग आउटपुट काढून टाकलं, तेव्हा १०५० टीआयवर निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर संशय घ्या. दहा-पंधरा मिनिटं जड थ्रीडी टेस्ट चालवा. मेमरी सदोष असेल तर कार्ड तापल्यावर रंगीत ठिपके आणि चौकोन दिसायला लागतात. थंड असताना ते लपून राहतात.

फोर-के व्हिडिओ अडखळतो. नवीन कार्ड घ्यावं का?

आधी फॉरमॅट बघा. प्रत्येक चिपला ठराविक फॉरमॅटच हार्डवेअरमध्ये उलगडता येतात आणि बाकीचे प्रोसेसरवर पडतात. ड्रायव्हर बदलून नवा फॉरमॅट येत नाही, कारण ते सर्किट चिपमध्येच असावं लागतं. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा आणि कोडेकची, म्हणजे व्हिडिओच्या फॉरमॅटची, ओळ वाचा. व्हीपी९ साठी इंटेलची सातवी पिढी किंवा एनव्हिडियाची १० सिरीज पुरते. एव्ही१ साठी इंटेलची अकरावी पिढी किंवा एनव्हिडियाची आरटीएक्स ३० सिरीज लागते.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांचा घोळ वेगळा असतो. नव्या कॅमेऱ्यांतलं १० बिट ४:२:२ (रंगांचा जास्त तपशील साठवणारं) एचईव्हीसी फॉरमॅटचं फुटेज महागड्या आरटीएक्स ३० किंवा ४० कार्डावरही टाइमलाइनवर अडखळतं, कारण त्या चिपना ४:२:२ उलगडता येत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं अंगभूत, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं, ग्राफिक्स ते उलगडतं. एनव्हिडियात ते आरटीएक्स ५० सिरीजपासून आलं. म्हणून मोठं कार्ड लावल्यावर मशीनच्या बायोसमधून अंगभूत ग्राफिक्स बंद करू नका, दोन्ही चालू ठेवा. तेही नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून एडिट करा, किंवा ४:२:० मध्ये शूट करा.

कार्ड नाही, अंगभूत ग्राफिक्सच आहे. ते वेगवान करता येतं का?

येतं. अंगभूत ग्राफिक्स मशीनचीच रॅम वापरतं. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर डीडीआर४-३२०० ला सेकंदाला २५.६ जीबी वाट मिळते; ८-८ च्या दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर ५१.२. कुठल्याही सेटिंगपेक्षा याने जास्त फरक पडतो.

मराठी अक्षरं तुटतात, जोडाक्षरं फुटतात. दोष ड्रायव्हरचा का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'विठ्ठल' मधला ठ्ठ सुटा झाला, 'मूर्ती'चा रफार जागा सोडून भलतीकडे पडला, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली, तर तो दोष फॉन्टचा किंवा त्या सॉफ्टवेअरच्या अक्षरजुळणीचा. ही जुळणी प्रोसेसरवर होते आणि तयार झालेलं अक्षराचं चित्र तेवढं ग्राफिक्स चिपकडे जातं. इथे ड्रायव्हर कितीही बदलला तरी काही होणार नाही.

अक्षरांच्या जागी चौकोनी डाग, अर्धी कापलेली अक्षरं, पान वर-खाली सरकवलं की आपोआप सुधारणारा मजकूर, हे मात्र ड्रायव्हरचं किंवा ग्राफिक्स मेमरीचं लक्षण.

खात्री करायची एक सोपी युक्ती: स्क्रीनशॉट घ्या आणि व्हॉट्सॲपवरून मोबाइलवर पाठवून तिथे बघा. डाग स्क्रीनशॉटमध्येही असतील तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा कार्ड. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर चित्र बाहेर पडण्याच्या वाटेत गडबड आहे: केबल, मॉनिटर किंवा पोर्ट. रेघा आणि झगमगाटालाही हीच युक्ती लागू पडते.

थ्रीडी सॉफ्टवेअर 'ओपनजीएल १.१' आणि 'जीडीआय जेनेरिक' दाखवतं.

म्हणजे त्या सॉफ्टवेअरला कंपनीचा ओपनजीएल ड्रायव्हर सापडला नाही आणि विंडोजचा जुनाट सॉफ्टवेअर रेंडरर समोर आला. ड्रायव्हर टाका. घरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसचं मशीन वापरताना हेच दिसलं, तर आधी ऑफिसच्या मशीनसमोर बसून तपासा. तिथे सगळं ठीक असेल तर अडचण रिमोट सत्राची आहे. ऑटोकॅडमध्ये 'ग्राफिक्सकॉन्फिग' ही कमांड देऊन ॲक्सिलरेशन चालू-बंद करून फरक बघता येतो.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत आणि सॉफ्टवेअर छोटंच वापरतं.

सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स. तिथे ते सॉफ्टवेअर निवडून 'हाय परफॉर्मन्स' ठरवा. चार्जर लावलेला असू द्या. बॅटरीवर मोठी चिप मुद्दाम हात आखडता घेते.

गणपतीत मंडळाच्या एलईडी वॉलला लॅपटॉप जोडला की सिग्नल जातो-येतो.

बहुतेक वेळा रिझोल्यूशन आणि केबल. लॅपटॉपमधून १९२० × १०८०, ६० हर्ट्झ ठेवा. वॉलच्या प्रोसेसरला सहसा तेच चालतं. तांब्याच्या साध्या एचडीएमआय केबलवर फोर-के ६० हर्ट्झचा भरवसा पाच-सात मीटरपर्यंतच धरा, पुढे ऑप्टिकल केबल घ्या. 'डुप्लिकेट'ऐवजी 'एक्स्टेंड' वापरा, म्हणजे दोन्ही स्क्रीनला आपापलं रिझोल्यूशन मिळतं. हे सगळं आरतीच्या आदल्या दिवशी करून बघा.

ॲक्सिलरेशन बंद करून त्रास गेला. तसंच ठेवू का?

ब्राउझरमध्ये बंद करणं ही चांगली चाचणी आहे, पण कायमचा इलाज नाही. बंद केल्यावर त्रास गेला म्हणजे दोष बहुधा ड्रायव्हर किंवा कार्डात आहे एवढं कळलं. तो दुरुस्त करा आणि पुन्हा चालू करा, नाहीतर लॅपटॉप तापेल आणि बॅटरी लवकर संपेल.

जुन्या कार्डाला ड्रायव्हर कधीपर्यंत मिळतो?

एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १० सिरीजसाठी ५८० ही शेवटची मालिका. गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले, सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कार्ड चालतंय तोवर वापरा. चालू असलेल्या ड्रायव्हरची फाइल मात्र पेन ड्राइव्हवर जपून ठेवा.

लिनक्सवर काय वेगळं?

इंटेल आणि एएमडीचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (लिनक्सचं ग्राफिक्स सॉफ्टवेअर) यांच्यातच येतो, वेगळा टाकायची गरज नाही. सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्सच्या जागी 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर सगळं प्रोसेसरवर चाललंय. इन्स्टॉल करताना 'नोमोडसेट' हा पर्याय दिला असेल तर तो बूटच्या सेटिंगमधून काढा, कारण तो असेपर्यंत खरा ड्रायव्हर सुरूच होत नाही. एनव्हिडियासाठी उबुंटूमध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधून ड्रायव्हर निवडा. सिक्युअर बूट (सही केलेलंच सॉफ्टवेअर चालू होऊ देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पार्श्वभूमीचा मेनू येतो. तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्या. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं तर ड्रायव्हर डिस्कवर असूनही चालू होत नाही, आणि नोंदणी पुन्हा करावी लागते.